एक्क्याण्णव चिंचोके

एक्क्याण्णवला कुठल्याच संख्येनं भाग जात नाही, असं मी धाकट्या बहिणीला शिकवलं होतं. ते चूक होतं, आणि ती चूक मी तिला मारून झाकली.

परवा धारला तिच्या घरी ती चिंच निवडत बसली होती. त्या आंबट वासानं मी देवासच्या आमच्या क्वार्टरमध्ये जाऊन पोचलो. मी कॉलेजात होतो, कुंदा सातवीत. दोन, तीन, पाच लावून पाहिले की झालं, अशी माझी घाई; सात मी लावूनच पाहिले नव्हते. कुंदानं फरशीवर चिंचोके मांडले, तेरा-तेराच्या सात ओळी. एकही उरला नाही.

"दादा, गेला की भाग," ती म्हणाली आणि तिकडच्या माळवी हिंदीत भावाला चिडवतात तसं पुढे, "अब बोलो, भिया."

माझे मित्र बसले होते, ते हसले. मी लाकडी पट्टी उचलली. पहिला फटका हातावर, दुसरा पाठीवर, पुढच्याला पट्टीची कड भुवईत घुसली. रक्त चिंचोक्यांवर ठिबकत होतं, तरी मी लाथेनं ओळी उधळल्या आणि तिचे केस धरून वदवून घेतलं, "भाग जात नाही." तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

तेवढ्याच चिंचोक्यांचा, एकापासून तेरापर्यंत वाढत्या ओळींचा, सुबक त्रिकोणही होतो, हे मला पुढे कळलं. तोवर कुंदानं गणित सोडलं होतं.

परवा तिच्या परातीतले चिंचोके घेऊन मी फरशीवर सात ओळी मांडल्या. तिचा हात भुवईवरच्या व्रणाकडे गेला.

"भाग जातो, कुंदा," मी म्हणालो. "तेव्हाही जात होता. मी तुला मारलं, वर खोटं बोलायला लावलं. मला माफ कर."