मुंगळ्यांचं उष्टं

सासूबाई यवतमाळकडून कर्वेनगरला आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांची थोरली जाऊ नुकतीच गेली होती. गावच्या घरात या दोघीच उरल्या होत्या. आता एकट्या कशा राहणार, म्हणून माझा नवरा त्यांना घेऊन आला. इथे आल्या आणि जेवण सुटल्यातच जमा. रुसवा नाही, तक्रार नाही. दोन घास चिवडायच्या आणि "झालं बाई" म्हणायच्या. असंच चाललं तर अ‍ॅडमिट करून सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि मी घाबरले.

माझ्या परीने मी काही बाकी ठेवलं नव्हतं. घरातलं मोठं माणूस म्हणून पहिलं ताट त्यांचं. गरम पोळी, वर तूप, आणि वाढायला मी शेजारी उभी. "तू जेवली का?" हे त्यांनी रोज विचारायचं आणि "तुमचं होऊ द्या आधी" हे मी रोज म्हणायचं. पाहुणचारात कुणी नाव ठेवू नये, एवढाच माझा बाणा.

एका दुपारी त्यांचा अर्धा टाकलेला चहा बाल्कनीत बशीत तसाच राहिला आणि त्याला मुंगळे लागले. मी फडकं घेऊन धावले, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब वं. पाह्य."

चहा पिऊन निघालेल्या एका मुंगळ्याला वाटेत दुसरा भेटला. त्याने मिशांनी याचं तोंड चाचपलं आणि दोघे तोंडाला तोंड लावून थबकले. कॉलेजात शिकलेलं मला आठवलं, ते मी सांगितलं. यांना पोटं दोन. एक स्वतःचं, दुसरं वारुळासाठी. भुकेलं कुणी भेटलं की दुसऱ्यातलं काढून द्यायचं, थेट तोंडात. "आणि आई, नावालाच मुंगळा. राबणाऱ्या सगळ्या बायकाच असतात."

"मंग? बाप्या कायले देते!" म्हणून त्या चक्क हसल्या. मग बशीतल्या मुंगळ्यांकडे बोट केलं.

"समद्यांचं झालं का आमी दोघी जावा एका ताटात बसो," त्या म्हणाल्या. "वांगं तिले आवडे, म्हणून मी हात आखडता घेवो. एकटीनं नाही जेवल्या जात मले."

आता पंचाईत माझी होती. माझ्या माहेरी उष्ट्याचं भारी कडक. नवऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा मी पीत नाही, आणि त्यावरून तो मला अजून चिडवतो. तरी त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चटई टाकली, एकच ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर बसले. बसले खरी, पण हात काही पुढे होईना.

त्यांना ते दिसलं असणार. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि माझ्या ओठांपाशी धरला. मी तोंड उघडलं. आई गेल्यापासून मला कुणी भरवलं नव्हतं.

मी गिळेपर्यंत त्या माझ्याकडे बघत थांबल्या आणि मगच त्यांनी स्वतः घास घेतला. मग दुसरा. भाजीची शेवटची फोड मी त्यांच्याकडे सरकवली, ती त्यांनी निमूट खाल्ली.

"पोळी आण अजून एक," त्या म्हणाल्या. "भूक हाय."

मी तव्यापाशी जाऊन आधी पोटभर रडले, मग पोळी टाकली.