घरी न द्यायचा कोश

१२ जून १९७८. कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या वाचनालयात मी पुस्तकांवर चिठ्ठ्या डकवत होते: कादंबऱ्या आठ दिवस घरी, कोश इथंच वाचायचे. मंठाळचा एक माणूस रोज कन्नड-मराठी कोश मागे आणि मांडीवरची पिशवी सोडत नसे. पानं फाडत असेल, म्हणून मी पिशवी उघडायला लावली. आत जमिनीच्या दाव्याची कन्नड नोटीस निघाली.

"कोश घरी द्या अक्का, तारीख परवा हाय. अक्षरं कळतात, अर्थ न्हाई."

"गावात कुणी वाचून दाखवलं न्हाई व्हय?"

"भावानं दाखवलं. दावा त्यानंच लावलाय."

मला कन्नड येतं, पण वाचून देते म्हटलं नाही. त्यानं माझ्यावर तरी विश्वास का ठेवावा? कोशही घरी दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासाठी वाचनालय दोन तास आधी उघडलं.