शेजारच्या पाळण्यातली

माझ्या बाळाचं वजन कमी भरलं, म्हणून आम्हाला कोल्हापुरातल्या दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. शेजारच्या पाळण्यात एक मुलगी होती. गगनबावड्याच्या एसटीत सीटवर कुणीतरी तिला टाकून गेलं होतं.

पण तिचा थाट काय सांगू! डॉक्टर आले की आधी तिच्याकडं. सिस्टर येता-जाता तिच्याशीच बोलायच्या. एकीनं तर घरून लाल लोकरीची टोपी विणून आणली. माझं पोरगं जुन्या लुगड्याच्या दुपट्यात. ते रडलं की सिस्टरांचं उत्तर ठरलेलं, "आई हाय की त्याला!"

शेवटी मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "आमचं काय वाटेवर पडलंय व्हय?"

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "तुमच्या बाळालाही रोज तपासतोच की. पण हिला घरचं कोणी नाही. बालकल्याण समितीची माणसं न्यायला येईपर्यंत कायद्यानं ती आमची जबाबदारी. हिला काही झालं तर जाब आम्ही द्यायचा."

पटलं मला. पण जळायची काही थांबले नाही.

घरी सोडलं त्या दिवशी शिवाजी पेठेतून अख्खं घर आम्हाला न्यायला आलं. तरी निघताना माझी नजर त्या लाल टोपीवरच.

"मज्जा हाय बघा हिची," मी बोलून गेले.

सिस्टरनी मुलीला उचललं आणि सरळ माझ्यापुढं धरलं. "मग बदलायचं काय, ताई?"

मी माझं बाळ छातीशी इतकं आवळलं, की ते किंचाळलं.