काकांचा पंच आणि तिसरं तळं

सगळ्यात आधी इस्लापूरच्या गफूरभाईंचं नाव लिहितो. जीप चालवतात. कुत्र्याला इतके भितात की रस्त्याच्या कडेला कुत्रं दिसलं तरी काच वर करतात. त्यांच्यामुळं आमचे दगडूकाका डोंगरातून खाली आले आणि त्यांच्यामुळंच काकांचा कुत्रा भुऱ्या आज माझ्या खाटेखाली झोपलेला आहे. बाकी कुणाचे आभार मानायची माझी इच्छा नाही. काका तळ्याच्या सांडव्यापाशी वारले, आणि तेव्हापासून नांदेडच्या आमच्या गल्लीत जो भेटतो तो विचारतो, "तूच नेलतास ना रे त्यांना?" तोंडावर बोलायला मी घाबरतो. म्हणून लिहून सांगतो.

कुणी कुणाला नेलं? मी देवणीचा. सातवीत शाळा सुटली आणि वेल्डिंगच्या कामाला इतक्या लांब आलो. एकट्या पोराला कुणी खोली देईना. एसटीतून रिटायर झालेल्या, बायको वारलेल्या या कंडक्टरकाकांनी मागची खोली दिली, तीही शिव्या देतच. "ए सातवी, नळ नीट बंद कर. तुझ्या बापाची विहीर न्हाई ही." माझं नाव बालाजी आहे हे त्यांना माहीत होतं, पण हाक कायम 'सातवी'. मला ताप आला तेव्हा डब्यातून खिचडी आणून दारात आदळली आणि म्हणाले, "मर, पण खाऊन मर." अशा माणसाला मी डोंगरात नेणार?

माझी सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळीच भिंतीपलीकडून हुकूम यायचा, "उद्या तळ्यावर." इस्लापूरच्या पलीकडं सागाच्या डोंगरात एकाच्या वर एक अशी तीन तळी आहेत. मला ती जागा कधीच आवडली नाही. पँटला कुसळं, भुऱ्याच्या कानात गोचिडं, आणि गुराखी लांबूनच दगड दाखवायचे, "शिकारीला आलाव का रे?" आणि तिथवर पोचणं तर आणखी अवघड, कारण काका भुऱ्याला घेऊन एसटीत चढत नसत. एसटीतली नवी कंडक्टर पोरं ओळख ठेवून म्हणायची, "काका, बसा की मागं. कोण बघून राहिलंय?" तर हे त्यांच्यावरच खवळायचे. "जन्मभर लोकांची कुत्री-बकरी खाली उतरवली. एका म्हातारीला पिल्लासकट भर उन्हात फाट्यावर उतरवलंय मी. आता माझं कुत्रं काय जावई हाय?" मग भाजीचा टेम्पो, नाहीतर विटांचा ट्रॅक्टर, आणि राहिलेला रस्ता पायी. लई चाललो आम्ही.

चालताना त्यांच्या हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी पंच असायचा. गाडीत दांड्यावर वाजवायचे तसा तो काठीच्या पितळी मुठीवर वाजवायचे. एक टक म्हणजे थांबा. दोन टक म्हणजे चला. भुऱ्याला त्यांनी दुसरं काही शिकवलंच नाही. एक टक ऐकली की तो उचललेला पाय तसाच धरून उभा राहायचा, समोरून ससा गेला तरी. खरं सांगायचं तर मीसुद्धा थांबायचो.

त्या शुक्रवारी तिसऱ्या तळ्याच्या बांधावर काका म्हणाले, "पुढं व्हा दोघं. मी दम घेतो." आम्ही निघालो. थोडं गेलो तोच मागून टक वाजली. भुऱ्या थांबला, मी थांबलो. पुढची दोन टक कधी येतात म्हणून पाण्याकडं बघत राहिलो... आली नाहीत. वळून पाहिलं तर काका सांडव्याच्या दगडाला टेकलेले, एक हात छातीवर. पळत गेलो. ओठ निळे पडलेले, तरी बोलणं तेच. "सातवी, रडू नगंस. एवढ्या वेळेला भुऱ्याला गाडीत बसव." मग डोळे मिटत म्हणाले, "मी बघत न्हाई."

मी खाली रस्त्यावर धावलो. गाड्या थांबल्या आणि गेल्या. एकानं पोलिसाच्या लफड्याचं कारण सांगितलं. दुसरा म्हणाला, "मढं आन् वरून कुत्रं? गाडी बाटवायची का?" त्या माणसाचं तोंड मी विसरणार नाही. गफूरभाई बाजार करून रिकामे परतत होते. काही न विचारता त्यांनी जीप बांधापर्यंत चढवली. काकांना आम्ही दोघांनी उचलून आत ठेवलं. पण भुऱ्या हलेना. जिथं टक ऐकली तिथंच उभा. ओढला तर माझ्यावरच गुरगुरला. गोळा झालेल्या गुराख्यांतला एक म्हणाला, "पिसाळलंय ते, सोडा हितंच," आणि दगड उचलला.

"फेक मत!" गफूरभाई ओरडले. मग मला म्हणाले, "इसकू क्या होना, बोल ना भाई." मी रडत रडत दोन टकांचं सांगितलं. गफूरभाईंनी काकांच्या मुठीतून पंच हळूच सोडवला आणि जीपच्या पत्र्यावर दोनदा वाजवला. भुऱ्या आला, उडी मारून काकांच्या पायाशी बसला. गफूरभाई दाराला चिकटून उभे होते. मग जीप सुरू केली, आणि दवाखान्यापर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

"मेरी गर्दन सूंघरा क्या रे?"

"न्हाई गफूरभाई, काकांपाशी झोपलाय."

"फिर बी बोलते रह."

दवाखान्यात सांगितलं, हृदय बंद पडलं. पुण्याहून मुलगा आला. वडिलांच्या शेवटच्या घटकेचं त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. म्हणाला, "या वयाच्या माणसाला डोंगरात नेताना अक्कल कुठे होती तुमची? खोली रिकामी करा. आणि ते कुत्रं कुठेतरी लांब सोडून या." साहेब, खोली सोडली. कुत्रं सोडणार नाही. तुमच्या वडिलांचं शेवटचं बोलणं तेवढंच होतं, आणि ते माझ्याशी होतं.

आता वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये राहतो. मुलानं पंच भंगाराच्या पोत्यात टाकला होता, तिथून काढून आणला. सकाळी फाटकापाशी एक टक देतो, भुऱ्या थांबतो. दोन देतो, निघतो. पण निघण्याआधी भुऱ्या एकदा मागं वळून बघतो... रोज.

गफूरभाई, तुम्ही ती तळी फक्त त्या दिवशी पाहिलीत. एक दिवस मी तुम्हाला तिसऱ्या तळ्यावर नेणार, स्वतःच्या हातानं भाकरी वाढणार. भुऱ्याला लांब नेऊन एक टक देईन, आणि तुमचं जेवण निवांत होईपर्यंत पंच खिशातच ठेवीन.