आमच्यात असं बोलत न्हाईत

"आत नको येऊस. तिथंच बस, खिडकीशी. आवाज पोचतो."

पहिल्या दिवशी सर माझ्याशी एवढंच बोलले. सांगलीच्या गावभागातलं त्यांचं घर. ते आत टेबलाशी, पंख्याखाली. मी बाहेर कट्ट्यावर, चपला काढायच्या जागेला लागून. मधे खिडकीचे गज. कानडी कादंबरी त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवली, हात मागं घेतला, आणि मग मी ती उचलली. परत देतानाही तसंच, फळीवर. हातात हात नको. "मी हे असलं काही मानत नाही हं," सर म्हणाले, "आईचं सोवळं आहे, म्हणून आपलं."

एकदा वाऱ्यानं आतला पडदा उडाला. भिंतीवर म्हातारीचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार. मी बघितलं आणि मान खाली घातली.

मी तेव्हा सांगलीत एका छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे माझं काम. माझं आजोळ अथणीकडचं. चौथीपर्यंत मामाकडं कानडी शाळेत होतो, त्यामुळं कानडी वाचता यायची, बोलता यायची. सर निवृत्त प्राध्यापक. इंग्रजी, संस्कृत फाडफाड. कानडीचं मात्र एक अक्षर येत नव्हतं. तरी त्यांना कानडीतली गाजलेली कादंबरी मराठीत आणायची होती. छापखान्याच्या मालकानं माझं नाव सुचवलं.

दर रविवारी सकाळी मी कट्ट्यावर बसायचो. एक वाक्य कानडीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. सर ते शुद्ध करून लिहून घ्यायचे. वर्षभर असं चाललं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा लय अभिमान होता. प्राध्यापक माणूस आपलं ऐकून लिहितो! वस्तीत मी छाती काढून चालायचो. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

कादंबरीत एक म्हातारी होती, आमच्यासारख्याच वस्तीतली. तिचा पोरगा गौडाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, विहिरीचं काम करताना दरड कोसळून मरतो. गौडा तिच्या दारात जोंधळ्याचं पोतं पाठवतो. ती काय म्हणते, ते मी कानडीत वाचलं आणि माझ्या तोंडून मराठी आपोआप आलं. "तुझं धान्य घेऊन जा. माझं पोरगं म्या पायलीनं मोजून दिलं न्हवतं."

आपोआप आलं, कारण ते माझ्या आईचं बोलणं होतं. माझा बाप इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात पाटलाची विहीर खणताना असाच गेला. पाटलानं जोंधळं पाठवलं. आईनं गड्याला दारातनं परत लावलं. "माझा धनी म्या पायलीनं मोजून दिला न्हवता," म्हणाली. मी तिच्या पदराला धरून उभा होतो. त्या दिवशी आम्ही उपाशी झोपलो.

सरांनी पेन थांबवलं. "छे! हे पटत नाही. दुःखात बुडालेली अडाणी बाई असं तोडून बोलेल का? वाचकाला तिची दया आली पाहिजे." मग गजांतून माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तूच सांग. तुमच्यात असं बोलतात?"

मी म्हणालो, "न्हाई सर. आमच्यात असं बोलत न्हाईत."

का म्हणालो? सर खूश व्हावेत म्हणून. पुढच्या रविवारी परत बोलवावं म्हणून. माझ्या मानेवर कुणी सुरी धरली नव्हती.

सरांनी लिहिलं, "मायबाप, आपले उपकार या जन्मी फिटायचे नाहीत." मला वाचून दाखवलं. मी मान डोलावली.

पुस्तक आमच्याच छापखान्यात आलं. जुळवायला माझ्याकडंच. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर अनुवादक म्हणून सरांचं नाव मीच जुळवलं. प्रस्तावनेत एक ओळ होती, 'काही ग्राम्य कानडी शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या एका होतकरू तरुणाचे आभार.' तीही मीच जुळवली. हात काळे करून घेतले आणि पुढं गेलो.

पण त्या म्हातारीच्या पानाशी घोटाळा झाला. जुळारी एकदा ओळ वाचतो आणि मग हात चालतात, डोकं भलतीकडं असतं. माझ्या हातांनी 'मायबाप' जुळवलंच नाही. पायलीचं वाक्य जुळवलं. मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर प्रूफ घेऊन छापखान्यात आले. मालक होते, शेजारी मिरजेचे म्हातारे जुळारी चाचा होते.

"वाच हे," सर म्हणाले.

मी वाचलं.

"माझ्या हस्तलिखितात आहे हे?"

"न्हाई सर."

"मग आलं कुठून? आता तुम्ही खिळे जुळवणारे आम्हाला साहित्य शिकवणार?" सगळे हात थांबले होते. "तूच सांगितलंस ना, तुमच्यात असं बोलत नाहीत म्हणून?"

"व्हय सर. चुकलं माझं."

"आत्ता बदल. माझ्यासमोर."

मी चिमट्यानं एकेक खिळा उपटला. आईचं वाक्य अक्षराअक्षरानं काढलं आणि त्या जागी मायबाप बसवलं. सर कमरेवर हात ठेवून उभे होते. ते गेल्यावर चाचा म्हणाले, "प्रूफात चुका आमी बी करतो, गड्या. पण तू माफी कशाची मागितलीस?"



पुस्तक निघालं. सरांनी एक प्रत फळीवर ठेवली, मी उचलली आणि रविवारी गावी नेली. लेकाचं पुस्तक म्हणून आईनं वस्तीतल्या बाया जमवल्या. मी वाचत गेलो. ते पान आलं आणि मी लबाडी केली. पुस्तकात बघत बघत पायलीचं वाक्य तोंडपाठ म्हटलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. "आगं बया! हे तर माझंच बोलणं हाय!"

माझी थोरली बहीण धम्मदीक्षेनंतर प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली होती. "आण हिकडं, म्या वाचते परत," म्हणून तिनं पुस्तक ओढून घेतलं. एकेका अक्षराखाली बोट ठेवत ती वाचायला लागली. "मा... य... बा... प." थांबली. माझ्याकडं बघितलं. "आरं, हितं तर दुसरंच लिव्हलंय."

सगळं सांगावं लागलं. बायांच्या देखत.

"त्येनं इच्यारलं तवा तू काय म्हनलास?" आईनं विचारलं.

"म्हनलो, आमच्यात असं बोलत न्हाईत."

आई म्हणाली, "मग त्या दिशी दारात कोन बोललं हुतं रं? म्या कोन हुते?"

एवढंच. ना शिवी, ना रडणं. बाया एकेक करून उठून गेल्या. धरणी दुभंगावी असं म्हणतात, ते काय असतं हे मला त्या दुपारी कळलं. सरांनी मला बाहेर बसवलं होतं. आईला मी बसवलं होतं.

पुढच्या रविवारी मी कट्ट्याशी गेलो. सरांनी फळीवर दुसरी कानडी कादंबरी ठेवली होती. मी उचलली नाही. बसलोही नाही.

"सर, तुमच्या आईंना जाऊन किती वर्षं झाली?"

सरांनी मागं वळून पडद्याकडं बघितलं. "काय बोलतोस तू?"

"आत बसून सांगीन. पुस्तकातलं माणूस बोलंल तसंच लिव्हायचं. आन माझं नाव पडंल."

सर हसले. "नाव? अरे, तुझं नाव वाचून पुस्तक हातात कोण धरेल?"

"मग राहू द्या," म्हणालो आणि निघालो. महिन्याच्या आत छापखान्यातलं कामही सुटलं. मालकानं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता मी कराडला दुसऱ्या छापखान्यात खिळे जुळवतो. कामावर जायच्या आधी, पहाटेचं, तीच पहिली कादंबरी, कानडी प्रत मिळवून, पुन्हा मराठीत लिहितोय. पहिल्या पानापासून नाही. त्या म्हातारीच्या दारापासून. छापायला कुणी तयार नाही, होईल असंही वाटत नाही. आईनं अजून मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलेलीही नाही. त्या बाईच्या तोंडचा शब्द आता कुणाला बदलू देणार न्हाई. सरांना न्हाई, मालकाला न्हाई. आन मलाबी न्हाई.