आमच्या नातीचा सामना, आमच्याच टीव्हीवर नाही

राग नक्की कुणावर काढायचा हेच मला कळेना, म्हणून इतके दिवस लिहायला बसले नव्हते. केबलवाल्यावर काढावा, तर तो बिचारा आमच्याच बाजूचा. नातीवर काढावा, तर तिचा काय दोष? ह्यांच्यावर काढून झाला, पण तो तर रोजचाच. राहता राहिली ती कंपनी, आणि तिला तोंडच नाही. तोंड नसलेल्याशी भांडायचं कसं, सांगा बघू? म्हणून हा कागद पुढ्यात घेतला.

आमची नात हॉकी खेळते. शाळेतली, कॉलेजातली नव्हे. बोली लावून खेळाडू घेतात ना, त्या लीगमध्ये. तिचे आईबाप महाबळेश्वरला, मुलाची तिथं टॅक्सी आहे. पोरगी वाढली आटपाडीत, आमच्यापाशी. तिच्या हातात पहिली काठी दिली ती तिच्या आज्यानं. हे फौजेत होते, पलटणीच्या संघातून हॉकी खेळायचे. पेन्शनीत आल्यावर बाभळीची एक वाकडी फांदी तासली आणि पोरीला म्हणाले, "हाण." मुरमाच्या रानात दगडधोंड्यांतून तिनं चेंडू हाणला. पुढं सांगलीला विश्रामबागेत कॉलेजला गेली, तिथल्या मैदानावर घासूनपुसून निघाली. आता तिचं नाव पाठीवर छापलेलं असतं. इतकं सांगितलं तरी पुरे.

आता ह्यांच्या डोळ्यांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरच आहे. पडद्याचा आजार. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. समोर माणूस उभं राहिलं की तोंडाच्या जागी नुसता डाग. म्हणून हे कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतात. बाहेर उन्हात नाहीतर मैदानातल्या मोठ्या दिव्यांत सगळं पांढरंफेक होतं, त्यामुळं तिचा सामना बघायला मैदानावर नेण्याची सोयच नाही. पण घरात अंधार करून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसवलं, तर हलणारं माणूस दिसतं. हे तोंडावरून नाही, चालीवरून ओळखतात. सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, आज आहे ते आहे. पुढच्या वर्षीचं मी बोलणार नाही."

तेव्हापासून ह्यांचं एकच टुमणं. "पोरगी पळताना बघायची हाय. एकदा. पुरा सामना." मोठं काही मागितलं का त्यांनी?

पूर्वी हॉकी सरकारी चॅनेलवर फुकट दिसायची. आम्ही समजलो, अजूनही दिसत असणार. ह्यावेळी लीग सुरू झाली, मी टीव्ही लावला, तर तिथं शेतीचा कार्यक्रम. मुलाला फोन केला.

"आई, ह्या वर्षी दाखवायचे हक्क एका कंपनीनं घेतलेत. पोरांचे सामने त्यांच्या चॅनेलवर, पोरींचे फकस्त अॅपवर."

"अॅपवर म्हंजी कुठं?"

"मोबाईलवर."

"का बरं? पोरी बारीक हायत व्हय, मोबाईलात मावायला?"

तो हसला. मी नव्हते हसले. हक्क हा शब्द आमच्या वस्तीत लहानपणापासून कानावर पडलेला. विहिरीचा, शाळेचा, रस्त्याचा. हक्क मिळाला म्हणजे अडलेलं दार उघडलं, एवढंच आम्हाला ठाऊक. हक्क विकत घेऊन दार लावून टाकायचं, हे मी ह्या वयात शिकले.

मोबाईलवर करून बघितलं. हे मोबाईल नाकाला लावून, मान इकडून वाकडी, तिकडून वाकडी. हॉकीचं मैदान आता निळं असतं ना, म्हणाले, "निळ्या फरशीवर मुंग्या सोडल्यागत दिसतंय." आमच्या जुन्या टीव्हीत ते अॅप काही केल्या बसत नाही. मुलगा म्हणाला, उन्हाळ्याचा सीझन झाला की नवा टीव्ही आणतो. उन्हाळ्यापर्यंत लीग थांबणार होती का? आणि ह्यांचे डोळे?

मग मी केबलवाल्याकडं गेले. आमच्या भागातला केबलवाला स्वतःचं लोकल चॅनेल चालवतो. त्यावर जत्रा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मयताची बातमी आणि मुख्य म्हणजे कुस्त्या. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात कुणी कुणाला अडवत नाही. जागा नसली तर टेकाडावर बस, ट्रॅक्टरच्या टपावर चढ, झाडावर लोंबकळ. गाव वर्गणी काढतं, पैलवान येतात, दुनिया बघते. ज्याला येता येत नाही त्याला केबलवाला घरात दाखवतो. आजवर एका पैलवानानं विचारलं नाही की माझी पाठ कुणाच्या परवानगीनं दाखवलीस.

तो म्हणाला, "काकी, काळजी करू नगा. म्या अॅप घेतलंय. कॉम्प्युटरवर सामना लावतो, म्होरं कुस्तीचा कॅमेरा हुबा करतो, आन् सोडतो लोकलवर. काकांना घरात टीव्हीवर दिसंल."

तोवर तिला बाहेरच बसवत होते, बदली खेळाडू म्हणून. शेवटच्या सामन्याआधी तिचा फोन आला, "आजी, सुरुवातीपासनं खेळवणार हायत." झालं. वस्तीत बातमी फुटली आणि आमच्या लोकांनी नेहमीचं केलं. फ्लेक्स लावला. आमच्याकडं पोरगं बारावी झालं तरी फ्लेक्स लागतो, बैल शर्यतीत पहिला आला तरी लागतो. हा चौकात, विजेच्या खांबाला. मध्ये आमची पोरगी काठी घेऊन, भोवती मंडळाच्या शुभेच्छुकांचे फोटो, काहींचे तर तिच्याहून मोठे. खाली ठळक अक्षरांत: थेट सामना, आज संध्याकाळी, आपल्या लोकल चॅनेलवर. मीही जाऊन बघून आले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. लोकांनी त्याचे फोटो काढून मोबाईलवर ह्या ग्रुपला, त्या ग्रुपला पाठवले. कुठं म्हणून पोचले नसतील!

संध्याकाळी घर भरलं. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. हे टीव्हीला चिकटले.

मागून शेजारीण ओरडली, "आवं काका, टीव्ही खाताय काय! आमाला बी बघू द्या की!"

"तुला दिसतंय ना नीट? मग गप बस," ह्यांनी मागं न बघता फटकारलं.

चित्र कसलं! कॉम्प्युटरच्या काचेवर ट्यूबलाइट पडलेली, त्यामुळं मैदानाच्या मधोमध एक पांढरा पट्टा. मध्येच केबलवाल्याचा हात यायचा आणि फडक्यानं धूळ पुसून जायचा, की सगळे हसायचे. हे मात्र नुसते शोधत होते. मान वाकडी, ओठ आवळलेले. पोरी पळत होत्या, कुठली आपली ते त्यांना गवसत नव्हतं. मी सांगायला गेले तर म्हणाले, "सांगू नगंस. माझी मला घावू दे."

आणि एकदम माझं मनगट धरलं. "घावली! ती बघ, डाव्या कडंला. खांदा पाडून पळतीया. माझ्यासारखी..."

टीव्ही निळा झाला.

आधी वाटलं, वीज गेली. पण पंखा चालू होता. दुसरी चॅनेलं लावली, ती चालू. फक्त लोकल मेलं होतं. लोक म्हणाले, येईल, येईल. मी वाट बघणारी नव्हे. ह्यांचा हात धरला आणि निघाले. केबलवाल्याचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडं, पण ह्यांना घेऊन चालायचं म्हणजे प्रत्येक गटार, प्रत्येक पायरी सांगायची. मी ओढत होते. हे म्हणत होते, "सावकाश गं." काय सावकाश! तिकडं पोरगी पळत होती.

शटर अर्धं खाली. वाकून आत शिरलो, तर केबलवाला घाम पुसत बसलेला.

"काकी, कंपनीचा फोन आलता. त्यो फ्लेक्सचा फोटू त्यांच्यापातूर गेलाय. म्हणत्यात, चोरी हाय, केस घालतो, परवाना जाईल. म्या लगीच बंद केलं. बायकापोरं हायत मला."

"चोरी? कुणाची चोरी रं? पोरगी आमची!"

"पोरगी तुमची, काकी. चित्र त्यांचं."

त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. पण तो रडकुंडीला आला होता, आणि त्याच्याइतकं आमच्यासाठी दुसऱ्या कुणी काही केलंही नव्हतं. त्यानंच ह्यांना खुर्ची दिली. "चॅनेल ऱ्हाऊ द्या. काका, तुमी हितं कॉम्प्युटरवर बघा. एकटं बघायला काय हरकत न्हाई." ट्यूब मालवली, ह्यांना काचेजवळ बसवलं, बटणं दाबली. अॅप उघडलं आणि वर अक्षरं आली. खातं बंद केलं आहे. पुन्हा दाबलं. खातं बंद. मुलाचं खातं वापरावं म्हणून मी त्याला फोन लावणार, तोच त्याचा आला.

"आई! गोल! पेनल्टी कॉर्नरवर गोल! बघितला का न्हाई?"

हे ताडकन उठले. "कुणी मारला?"

"आपल्या पोरीनं, दादा! आपल्या पोरीनं!"

मागं महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवरचा कालवा ऐकू येत होता. तिथल्या गिऱ्हाइकांनीसुद्धा त्याच्या मोबाईलवर बघितला असणार, स्ट्रॉबेरी खात खात. हे हळूच परत बसले. समोरचा कॉम्प्युटर काळा पडला होता. तरी ह्यांनी सवयीनं मान वाकडी केली आणि त्या काळ्या काचेकडं बघत राहिले. मला ते बघवेना. मी शटरबाहेर येऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत शेवटी एक पोरगी बोलली, हिंदीत. मी सगळं सांगितलं. डोळे, पडदा, नात, सगळं. माझी हिंदी तुटकी, पण राग कुठल्याही भाषेत कळतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असुविधा के लिए खेद है." मी विचारलं, "बाई, तुला आजा हाय का?" फोन ठेवला तिनं. मग आमचा मुलगा म्हणाला, गोलाची मिनिटभराची चित्रफीत त्यांनी टाकलीय. तीसुद्धा अॅपवरच, मोबाईलवर. पुन्हा मुंग्या. केबलवाल्याला म्हटलं, कॅमेरा लाव की पुढं. त्यानं कानाला हात लावले.

लीग संपल्यावर नात घरी आली. मी तिच्यापुढं सगळं ओकले. वाटलं, हिला तरी संताप येईल.

ती म्हणाली, "आजी, नको चिडूस. त्या हक्कांच्या पैशावर तर लीग चालती. ते न्हाईत तर आमाला पगार न्हाई. आधी पोरींची लीगच नव्हती, ठावं हाय ना?"

"ठावं हाय. म्हणून काय आज्यानं निळा टीव्ही बघायचा?"

"अगं, बरोबर बोलतीया ती," हे मध्येच. "नियम म्हंजी नियम. फौजेत बी असंच असतंय."

बघा! ज्यांच्यासाठी भांडायचं, तेच शत्रूच्या फौजेत. मी म्हटलं, "तुमी गप ऱ्हावा. तुमच्या फौजेत आंधळ्याला अडवायचा नियम हुता का?" बोलून गेले आणि जीभ चावली. ह्यांना आंधळा म्हटलेलं चालत नाही. पण हे नातीकडं वळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू सांग मला. गोल कसा गेला? बॉल कुठल्या कोपऱ्यात बसला?"

ती मग म्हणाली, "आजोबा, म्या बी न्हाई बघितला. बॉल ओढून मारला, तवर म्होरनं पळत आलेली पोरगी अंगावर आपटली. म्या खाली. तिकडं गोलाच्या मागच्या फळीवर बॉल वाजला, त्यो तेवढा ऐकला."

"म्हंजी तू बी न्हाई, मी बी न्हाई!" आणि आजा-नात खो खो हसायला लागली.

मला हसू आलं नाही. म्हटलं, "हसा. ज्यांची ती कुणीच लागत न्हाई, त्यांनी डोळं भरून बघितली तिला. तुमी दोगं हसा."

तशी दोघं थांबली. मग हे म्हणाले, "जरा पळून दाखीव बघू."

"चला, बाहेर रस्त्यावर पळते."

"बाहेर उजेडात मला दिसत न्हाई. हितंच पळ."

पोरगी चुलीपाशी जाऊन उभी राहिली. ह्यांनी मान वाकडी केली. मी मधलं पातेलं, पाटा, चपला सगळं बाजूला सारलं. डावा खांदा पाडून ती निघाली, आणि दोन ढांगांत भिंत आली.