बदामाला बांधलेली पाटी
१९९७च्या उन्हाळ्यात जुईनगरच्या आमच्या सोसायटीतला, शेजारच्या काकांनी लावलेला बदाम वाळला. काकांनी तो लावला त्याच दिवशी आईनेही एक रोप लावलं होतं, पण ते खुरटंच राहिलं. सगळे काकांच्या बदामाखाली बसत, ते आईला खुपायचं. "झाडावर काय नाव लिहिलंय त्यांचं?" ती एकदा मुद्दाम मोठ्याने म्हणाली. दुसऱ्याच दिवशी काकांनी आपल्या नावाची पत्र्याची पाटी खोडाला तारेने आवळून बांधली. पुढे खोड जाड होत गेलं, तशी तार सालीत रुतली आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचेना. काकांनी तार कापली, तेव्हा खोडाभोवतीची साल पूर्ण तुटली होती. "आता आमच्या झाडाखाली बसा की, भावोजी," आई म्हणाली. काकांनी खुर्ची उन्हातच ठेवली.